प्रयोगशाळा ते एमआयडीसीतला रिॲक्टर: करार, पेटंट, स्केल-अप (माहितीचा धागा)

पाषाणकर

विद्यापीठ, संशोधन संस्था आणि कारखाना या तिघांचं जमत नाही, ही तक्रार इथे वारंवार येते. नेमकं कुठे अडतं याची तपशीलवार माहिती मात्र एका जागी नाही, म्हणून हा धागा. विषय मुद्दाम रसायन उद्योगापुरता ठेवतो, कारण महाराष्ट्रात तिन्ही गोष्टी एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर आहेत. माटुंग्याला आयसीटी ही रसायन-तंत्रज्ञान संस्था (१९३३ पासून, आधी मुंबई विद्यापीठाचा यूडीसीटी हा विभाग), पुण्यात एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (१९५०), आणि तारापूर, अंबरनाथ, पाताळगंगा, रोहा, महाड, लोटे, कुरकुंभ हे रासायनिक पट्टे. तरीही छोट्या युनिटमधली नवी प्रोसेस बहुतेकदा मुदत संपलेल्या पेटंटातून किंवा सल्लागाराच्या वहीतून येते. शेजारच्या प्रयोगशाळेतून क्वचितच.

सुरुवात एका मूलभूत फरकापासून करतो. कंपनी विद्यापीठाकडे जाते तेव्हा कामाचे तीन प्रकार संभवतात आणि तिघांचे नियम वेगळे आहेत. पहिला प्रकार टेस्टिंगचा: नमुना द्या, एनएमआर (रेणूची रचना दाखवणारी चाचणी) किंवा एचपीएलसीचा (शुद्धता मोजणारी चाचणी) अहवाल घ्या. दर ठरलेला असतो, निकाल कंपनीचा, पेटंटचा प्रश्नच नाही. दुसरा कन्सल्टन्सीचा: प्राध्यापकाचं आधीचं ज्ञान वापरून कंपनीची अडचण सोडवायची. फीचा काही वाटा संस्थेला, उरलेला प्राध्यापकाला, आणि सहसा विद्यार्थी त्यात नसतो. तिसरा प्रायोजित संशोधनाचा. उत्तर कोणालाच ठाऊक नसतं, एक-दोन संशोधक वर्षभर काम करतात आणि त्यातून पेटंट निघू शकतं.

बिघाड होतो तो तिसऱ्या प्रकारचं काम दुसऱ्याच्या कागदावर केल्यामुळे. कंपनीला वाटतं सल्ला विकत घेतला, प्राध्यापकाला वाटतं प्रकल्प मिळाला, विद्यार्थ्याला वाटतं प्रबंध झाला. मालकी कोणाची हे कुठेच लिहिलेलं नसतं.

टेस्टिंग आणि कन्सल्टन्सीवर १८ टक्के जीएसटी लागतो. अनुदान घेऊन केलेल्या संशोधनाला ऑक्टोबर २०२४ पासून सूट आहे. ती सरकारी संस्था, कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठं आणि १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ३५ खाली अधिसूचित संस्थांना मिळते. पण करारात 'सेवेचा मोबदला' लिहायचं आणि बिलात 'अनुदान' म्हणायचं, असं करू नका. करार सही होण्याआधी सीएला दाखवा.

पेटंट, स्केल-अप (प्रयोगशाळेतली कृती मोठ्या भांड्यात नेणं) आणि हिशेबाची बाजू जाणणाऱ्यांनी कृपया लिहावं.

---

निळीचा_व्यापारी

धागा चांगला. थोडी पार्श्वभूमी देतो, कारण महाराष्ट्रातलं हे नातं मुळात गिरण्यांतून आलेलं आहे. यूडीसीटीची पहिली दोन क्षेत्रं होती वस्त्ररसायन आणि केमिकल इंजिनिअरिंग. मुंबईच्या कापड गिरण्यांना रंगाई-धुलाई समजणारी माणसं हवी होती. या विभागाचे पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन हे रंगद्रव्यांचे रसायनशास्त्रज्ञ, आणि पुढे १९५७ मध्ये एनसीएलचे पहिले भारतीय संचालकही तेच झाले. म्हणजे अध्यापन, संशोधन आणि रंगाचा धंदा ही तिन्ही टोकं एका माणसाच्या कारकिर्दीत जोडलेली होती.

दुसरा टप्पा १९७० च्या पेटंट कायद्याचा. औषधं आणि रसायनांना उत्पादनाचं पेटंट बंद झालं, फक्त प्रक्रियेचं राहिलं. वेगळ्या वाटेने तोच रेणू बनवला की विकायची मुभा. त्यामुळे 'प्रोसेस' शोधणाऱ्या प्रयोगशाळेला थेट गिऱ्हाईक होतं. १ जानेवारी २००५ पासून उत्पादन पेटंट परत आलं. तेव्हापासून नुसता पर्यायी मार्ग दाखवून भागत नाही. तो स्वस्त, स्वच्छ किंवा सुरक्षित असल्याचं आकड्यांत सिद्ध करावं लागतं. विद्यापीठांतल्या अनेक विभागांनी हा बदल अजून मनावर घेतलेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक यशस्वी उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे. एनसीएलमध्ये पॉल रत्नसामी यांच्या गटाने झिओलाइटवर आधारित 'एनसिलाइट' उत्प्रेरक विकसित केले. झायलिन आयसोमरायझेशनसाठी (झायलिनचा एक प्रकार दुसऱ्यात बदलण्यासाठी) त्यातला एक उत्प्रेरक १९८५ च्या सुमारास बडोद्याच्या आयपीसीएल या पेट्रोरसायन कंपनीत व्यापारी पातळीवर चालू लागला. महत्त्वाचं हे की तिथे दोन नव्हे, तीन पक्ष होते. एनसीएलने उत्प्रेरक शोधला, एसीसी या सिमेंट कंपनीने तो टनांत बनवण्याची जबाबदारी घेतली, आयपीसीएलने आपल्या प्लांटमध्ये वापरला. प्रयोगशाळेत ५० ग्रॅम पावडर बनवणं आणि रिॲक्टरमध्ये भरायला ठरावीक मापाच्या, न चुरडणाऱ्या गोळ्या बनवणं ही वेगळी विद्या आहे. हा मधला पक्ष नसला की उत्तम उत्प्रेरक शोधनिबंधातच राहतो.

नीळ हे त्याहून जुनं उदाहरण. जर्मन रसायनशास्त्रज्ञ बायर यांनी १८८० मध्ये कृत्रिम नीळ बनवली, तीन वर्षांनी रचना सांगितली, पण बीएएसएफ या जर्मन कंपनीला ती बाजारात आणायला १८९७ उजाडलं. अडथळा निळीच्या रेणूचा नव्हता, स्वस्त कच्च्या मालाचा होता. नॅप्थॅलिनपासून थॅलिक ॲनहायड्राइड परवडेल अशा रीतीने मिळेपर्यंत सगळं थांबलं. आजही प्रस्ताव आला की मी पहिला प्रश्न हाच विचारेन: सुरुवातीचा माल ड्रममध्ये मिळतो की बाटलीत?

---

ग्लासलाइन्ड

वरचा शेवटचा प्रश्न सोन्यासारखा आहे. स्केल-अपबद्दल लिहितो. थोडं लांबेल.

१ लिटरच्या फ्लास्कमधून २,००० लिटरच्या (प्लांटच्या भाषेत २ केएल) रिॲक्टरमध्ये गेलात, तर आकारमान २,००० पट होतं पण लांबी-रुंदी साधारण साडेबारा पटच वाढते. म्हणजे दर लिटरमागे उष्णता बाहेर काढायला मिळणारा पृष्ठभाग साडेबारा पटीने कमी होतो. बाकीच्या निम्म्या अडचणी यातून निघतात.

आकडे घालून बघू. समजा अभिक्रियेतून दर मोलला १५० किलोज्यूल उष्णता निघते आणि द्रावण लिटरला २ मोल आहे. म्हणजे लिटरमागे ३०० किलोज्यूल. सेंद्रिय द्रावणाची उष्माधारकता लिटरला साधारण १.८ किलोज्यूल प्रति अंश धरली, तर कूलिंग बंद पडल्यास तापमान सुमारे १६५ अंशांनी चढू शकतं. फ्लास्क बर्फात ठेवून अर्ध्या-पाऊण तासात हे सगळं आटोपतं आणि निबंधात लिहिलं जातं, "०-५ अंशांवर थेंब-थेंब घातले". तेच २ केएल ग्लास-लाइन्ड (आतून काचेचं अस्तर असलेल्या) रिॲक्टरमध्ये १,५०० लिटर मालावर करायचं आहे. जॅकेटचं (भांड्याभोवतीच्या थंड करणाऱ्या आवरणाचं) क्षेत्रफळ ७ चौरस मीटर धरा, उष्णता वहन गुणांक २५० वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश (काचेच्या अस्तरामुळे कमीच असतो) आणि आतल्या-बाहेरच्या तापमानात २० अंशांचा फरक. सेकंदाला ३५ किलोज्यूल निघतात. एकूण उष्णता ४,५०,००० किलोज्यूल. म्हणजे किमान साडेतीन तास, आणि ब्राइन (थंड केलेलं खारं पाणी) पूर्ण ताकदीने फिरत असेल तरच. प्रत्यक्षात पाच-सहा तास धरा.

आता खरा प्रश्न येतो: पाच-सहा तास हळूहळू घातल्यावर अशुद्धी तीच राहते का? उत्पादन तयार होऊन त्याच भांड्यात तासन् तास अभिकारकाच्या सोबत राहतं, त्यातून दुय्यम अभिक्रिया होतात. ८५ टक्क्यांचा ईल्ड (हाती येणाऱ्या मालाचं प्रमाण) ६८ वर येतो तो इथे. केमिस्टचा निष्काळजीपणा हे कारण फार कमी वेळा असतं.

ढवळणं. फ्लास्कमध्ये मिनिटाला ४०० फेरे असतील आणि दर लिटरमागे तेवढीच शक्ती द्यायची असेल, तर मोठ्या भांड्यात साधारण ७५ फेरे येतात. पंख्याच्या टोकाचा वेग मात्र दुपटीहून जास्त होतो, नाजूक स्फटिक फुटतात. आणि सगळीकडे एकजीव व्हायला पाचपट वेळ लागतो, तोपर्यंत ओतण्याच्या जागेभोवती अभिकारक दाटलेला राहतो.

गाळणं सर्वांत जास्त दुर्लक्षित. एकाच दाबाखाली गाळायला लागणारा वेळ केकच्या (गाळणीवर जमलेल्या थराच्या) जाडीच्या वर्गाने वाढतो. बुखनर फनेलवर १ सेंटिमीटरचा थर २ मिनिटांत सुटला, तर नुत्शेमध्ये (कारखान्यातल्या मोठ्या गाळणीत) १५ सेंटिमीटरचा थर सुटायला २२५ पट म्हणजे साडेसात तास. स्फटिक बारीक असतील आणि केक दबणारा असेल तर त्याहूनही जास्त. अख्खी शिफ्ट एका गाळणीवर जाते आणि मागची बॅच रिॲक्टरमध्ये अडकते.

प्रयोगशाळेत चालतं पण प्लांटमध्ये चालत नाही अशा आणखी गोष्टी: सिलिकाचा कॉलम, ईथर (आगीचा धोका), सोडियम सल्फेट टाकून वाळवणं (त्याऐवजी टोल्यूइनसोबत ॲझिओट्रोपने, म्हणजे एकत्र उकळवून, पाणी काढा), रोटाव्हॅपवर पूर्ण कोरडं करणं (मोठ्या भांड्यात तळाला थर करपतो आणि पंखा अडकतो), आणि उणे ७८ अंश. साध्या ब्राइनवर चालणाऱ्या चिलिंग प्लांटला उणे १५-२० च्या खाली जाणं जमत नाही, खाली जायचं तर वेगळं यंत्र आणि वेगळा खर्च.

सांडपाणी शेवटी लिहितोय, पण विचार पहिल्या दिवशी करा. एमपीसीबीची (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची) संमती उत्पादनानुसार आणि प्रमाणानुसार असते. नवं उत्पादन घेतलं की संमतीत दुरुस्ती लागते. सिंथेटिक ऑरगॅनिक रसायनांना २००६ च्या ईआयए (पर्यावरण परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेतल्या ५(एफ) खाली पर्यावरण मंजुरीचाही प्रश्न येतो. दर किलो मालामागे किती लिटर पाणी, त्यात किती क्षार, सीओडी (सेंद्रिय प्रदूषणाचं माप) किती, हे तीन आकडे ज्या अहवालात नाहीत तो अहवाल कारखानदाराच्या दृष्टीने अर्धवट आहे.

---

मृण्मयी_आर

@ग्लासलाइन्ड, खूप उपयोगी. एक प्रश्न. विद्यापीठातल्या विभागात साधारण ५०० मिलीच्या पुढे जाता येत नाही, कॅलरीमीटर (अभिक्रियेची उष्णता मोजणारं यंत्र) तर नाहीच. अशा ठिकाणी पीएचडी करणाऱ्यांनी कंपनीला दाखवण्याआधी कोणते प्रयोग करावेत? आणि त्याच कामाचं पोस्टर परिषदेत लावलं तर चालतं का?

---

ग्लासलाइन्ड

पोस्टरबद्दल पेटंटवाले सांगतील, पण तोवर लावू नका.

प्रयोगांबद्दल: मोठं भांडं नसलं तरी मोठ्या भांड्याचा वेळ फ्लास्कमध्ये आणता येतो. अभिकारक २० मिनिटांऐवजी मुद्दाम ६ तासांत घाला. अभिक्रिया पूर्ण झाल्यावर लगेच वर्कअप (माल वेगळा काढण्याचं काम) न करता त्याच तापमानाला १२ तास ठेवा आणि दर ३ तासांनी एचपीएलसी काढा. रात्रपाळीत वीज गेली तर काय होईल ते यातून कळतं. एआर ग्रेडऐवजी (प्रयोगशाळेतल्या अतिशुद्ध मालाऐवजी) व्यापारी ग्रेडचा कच्चा माल आणा, तोही दोन वेगळ्या पुरवठादारांचा. सॉल्व्हंटमध्ये मुद्दाम ०.१, ०.५ आणि १ टक्का पाणी घालून बघा, कारण ड्रममधला सॉल्व्हंट कोरडा नसतो. ऊर्ध्वपातन करून मिळवलेला सॉल्व्हंट सलग पाच बॅचेस पुन्हा वापरा, अशुद्धी साठत जाते का ते दिसेल. मदर लिकर (माल गाळून उरलेलं द्रावण) फेकू नका. त्यात किती माल अडकलाय ते मोजा आणि दुसरं पीक घेता येतं का बघा.

वस्तुमानाचा ताळा ९५ टक्क्यांच्या वर गेला पाहिजे. "ईल्ड ८५" म्हटलं तर उरलेले १५ कुठे गेले याचं उत्तर हवं.

कॅलरीमीटर नसेल तर डीएससी (नमुना तापवून विघटन कधी सुरू होतं ते दाखवणारी चाचणी) तरी करून घ्या. मोठ्या संस्थांमध्ये पैसे भरून होतं, नमुना काही मिलिग्रॅम पुरतो. अभिक्रियेनंतरच्या मिश्रणाचा डीएससी काढा, नुसत्या शुद्ध पदार्थाचा नको. विघटन सुरू होण्याचं तापमान आणि कामाचं तापमान यांत किती अंतर आहे हे सांगता आलं, तर कंपनीचा सेफ्टीवाला तुमचं पुढचं पान वाचेल. अझाइड, नायट्रो, पेरॉक्साइड असेल तर डीएससीशिवाय ५० ग्रॅमच्या पुढे जाऊच नका.

---

कलम३९

@मृण्मयी_आर, पोस्टर, गोषवारा, विभागातलं जाहीर व्याख्यान, प्रबंधाचा शोधगंगा या ऑनलाइन प्रबंधसंग्रहावर जाणारा पीडीएफ, ही सगळी प्रसिद्धीच. पेटंट अर्जाच्या आधी झाली की नावीन्य गेलं. भारतीय कायद्यात कलम ३१ खाली १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना आणि विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधांना. त्या भरवशावर बसू नका. अमेरिकेत १२ महिने मिळतात, युरोपात जवळपास काहीच नाही.

क्रम असा ठेवा. आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून ८० टक्के सवलत आहे, त्यामुळे ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ८,००० ऐवजी १,६०० रुपये आणि परीक्षणाची २०,००० ऐवजी ४,००० रुपये. एजंटचा मसुदा-खर्च वेगळा, आणि तोच मोठा. मोठी कंपनी सहअर्जदार झाली की ही सवलत जाते. प्रोव्हिजनलनंतर १२ महिन्यांत पूर्ण तपशील द्यावा लागतो, नाहीतर अर्ज सोडून दिला असं मानलं जातं. परदेशी अर्जांची मुदतही त्याच १२ महिन्यांत. परीक्षणाची विनंती २०२४ च्या दुरुस्तीनंतर ३१ महिन्यांच्या आत (आधी ४८ होते). जुन्या तक्त्यांवर विसंबणाऱ्यांनी हे तपासावं.

कलम ३९ बद्दल वेगळं सांगतो, कारण परदेशी विद्यापीठासोबत काम करणारे इथेच अडकतात. भारतात राहणाऱ्या संशोधकाने आधी परदेशात अर्ज करायचा नाही. एकतर भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबा, नाहीतर परवानगी घ्या. हा फौजदारी स्वरूपाचा नियम आहे, आणि अर्जही बाद होतो.

प्रोव्हिजनल म्हणजे दोन पानी कल्पना, असं समजू नका. त्यात जे लिहिलं नाही त्याला पहिली तारीख मिळत नाही. किमान तीन-चार प्रत्यक्ष उदाहरणं, तापमानाचा आणि प्रमाणाचा पल्ला, आणि तुलनेसाठी जुन्या पद्धतीचा एक प्रयोग घाला. प्रोसेस पेटंटात तुलनेचा प्रयोग नसेल तर परीक्षक "यात विशेष काय" म्हणतो, आणि त्याला उत्तर द्यायला तुमच्याकडे आकडाच नसतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. "पेटंट संयुक्त ठेवू, ५०-५०" हे ऐकायला न्याय्य वाटतं आणि विद्यापीठं आनंदाने सही करतात. कलम ५० वाचा. वेगळा करार नसेल तर प्रत्येक सहमालक स्वतः पेटंट वापरू शकतो आणि दुसऱ्याला हिशेब देण्याचं बंधन नाही. पण दुसऱ्याच्या संमतीशिवाय परवाना किंवा हिस्सा तिसऱ्याला देता येत नाही. कंपनीकडे कारखाना आहे, ती वापरेल. विद्यापीठाकडे कारखाना नाही, त्याला फक्त परवाना देता येतो, आणि त्यासाठी कंपनीचीच संमती लागते. म्हणजे कागदावर निम्मी मालकी आणि हातात शून्य. म्हणून मालकी एकाकडे ठेवा आणि दुसऱ्याचे हक्क परवान्यातून लिहा. संयुक्तच ठेवायचं असेल तर रॉयल्टीचं कलम स्वतंत्रपणे घाला.

---

ताळेबंद

कलम ५० चा मुद्दा मांडल्याबद्दल मनापासून धन्यवाद. त्याला जोडून पैशांचं.

एका जेआरएफचं (कनिष्ठ संशोधकाचं) विद्यावेतन जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, म्हणजे वर्षाला ४.४४ लाख, घरभाडं भत्ता वेगळा. त्यावर रसायनं, विश्लेषण, थोडा प्रवास, आणि संस्थेचा ओव्हरहेड. छोटी कंपनी अनेकदा "दोन-तीन लाखांत करून द्या" म्हणते. त्यात एक माणूसही वर्षभर बसत नाही. अशा वेळी संशोधन प्रकल्प न घेता नेमक्या एका अडचणीची कन्सल्टन्सी घ्यावी, दोघांचाही वेळ वाचतो.

हप्ते कामाशी बांधा, पण निकालाशी बांधू नका. "ईल्ड ८० टक्के आला तर पैसे" ही अट संशोधनात चुकीची, कारण मग न जमलेले प्रयोग लपवले जातात, आणि कंपनीला खरी गरज त्यांचीच असते. "अमुक सहा सॉल्व्हंट आणि चार उत्प्रेरक तपासून अहवाल" हा टप्पा योग्य. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात 'पुढे जायचं की थांबायचं' अशी बैठक करारातच लिहा, आणि थांबलं तर जेआरएफचे उरलेले महिने कोण भरणार तेही.

विशेष परवाना (एकाच कंपनीला मिळणारा) देताना क्षेत्र आणि मुदत मर्यादित करा. ठरावीक वर्षांत उत्पादन सुरू झालं नाही तर परवाना आपोआप साधा होईल, अशी अट घाला. पेटंट विकत घेऊन कपाटात ठेवण्यावर हा एवढाच उपाय आहे. रॉयल्टी विक्री-किमतीवर ठरवा, नफ्यावर नको. नफा कसा मोजायचा यावरच भांडण होतं.

करसवलतीची जुनी माहितीही फिरते. राष्ट्रीय प्रयोगशाळा, विद्यापीठं, आयआयटी यांना संशोधनासाठी दिलेल्या रकमेवर एकेकाळी २०० टक्के वजावट होती, २०१७-१८ पासून १५० झाली आणि २०२०-२१ पासून फक्त १००. २०० टक्के गृहीत धरून कोणी प्रस्ताव दाखवत असेल तर तो दुरुस्त करून घ्या.

---

सह्याद्रीचा_वारा

सगळं वाचलं, माहिती उत्तम आहे. पण एक आक्षेप नोंदवतो. विद्यापीठ म्हणजे कंपनीचा स्वस्त आर अँड डी विभाग नव्हे. २०२०-२१ चा अधिकृत आकडा पाहा: देशाचा संशोधनावरचा खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के, आणि त्यात खासगी उद्योगाचा वाटा साधारण ३६ टक्के. प्रगत देशांत हे प्रमाण उलट असतं, उद्योगच मोठा हिस्सा उचलतो. उद्योगाने आपली प्रयोगशाळा उभारायची नाही आणि ४.४४ लाखांच्या जेआरएफकडून प्रोसेस करून घ्यायची, यात विद्यार्थ्याचं नुकसान आहे. गुप्ततेच्या अटीमुळे निबंध अडतो, नोकरीच्या मुलाखतीत काम दाखवता येत नाही. आणि ज्या प्रश्नाला आज गिऱ्हाईक नाही तो कोण सोडवणार? शिवाय जनतेच्या पैशातून झालेला शोध शेवटी जनतेला कोणत्या किमतीला मिळतो, यावर इथे कोणी अक्षर लिहिलेलं नाही.

---

निळीचा_व्यापारी

किमतीचा मुद्दा रास्त आहे. त्यावर पुण्याशी जोडलेलं एक उदाहरण देतो, रसायनांच्या थोडं बाहेरचं. आफ्रिकेतल्या 'ए' गटाच्या मेनिंजायटिससाठी लस हवी होती. डब्ल्यूएचओ आणि 'पाथ' ही आरोग्य संस्था यांच्या प्रकल्पाने आधी आफ्रिकी देशांना किती परवडेल ते विचारलं आणि उत्तर आलं, मात्रेमागे अर्ध्या डॉलरच्या आत. मोठ्या लस कंपन्या त्या किमतीला तयार झाल्या नाहीत. मग अमेरिकेच्या एफडीएच्या प्रयोगशाळेतून जोडणीचं तंत्र, नेदरलँड्समधल्या कंपनीकडून सुरुवातीचा पॉलिसॅकराइड, आणि उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये, अशी मांडणी झाली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली.

यातला धडा करारापुरता सांगतो: किमतीची अट तंत्र हस्तांतरित होण्याआधी ठरली होती. शोध एकदा बिनशर्त दिल्यावर किंमत कमी करा म्हणून विनंत्या कराव्या लागतात. सार्वजनिक पैशातून झालेल्या कामाच्या परवान्यात किंमत किंवा पुरवठ्याची अट घालायला कोणताही कायदा आड येत नाही. विद्यापीठं मागत नाहीत, म्हणून मिळत नाही.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेली नेक्सकार१९ ही सीएआर-टी (रुग्णाच्याच पेशी बदलून करायची, कर्करोगावरची) उपचारपद्धतीही याच बाजूने बघा. इम्युनोॲक्ट ही कंपनी संस्थेतूनच निघाली, ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामक सीडीएससीओची मंजुरी मिळाली. रुग्णालय सुरुवातीपासून सोबत होतं. रसायनात जो एसीसीचा मधला पक्ष, तोच इथे रुग्णालय.

---

कलम३९

@सह्याद्रीचा_वारा, विद्यार्थ्याच्या नुकसानीबद्दल पूर्ण सहमत. त्यावर करारात उपाय आहेत, पण ते विद्यार्थ्याच्या वतीने कोणीतरी मागावे लागतात. कंपनीला निबंधाचा मसुदा वाचायला ३० दिवस द्या, पेटंटसाठी थांबवायचं तर जास्तीत जास्त आणखी ६० ते ९० दिवस, त्यानंतर आपोआप मोकळीक. कंपनीला 'हो-नाही'चा अधिकार देऊ नका, फक्त आपली गुप्त माहिती काढून टाकायला सांगण्याचा द्या. शोधगंगेवर प्रबंध ठरावीक काळ बंद ठेवण्याची लेखी परवानगी विद्यापीठाकडून सादर करण्याआधी घ्या. मौखिक परीक्षा जाहीर असते, म्हणून पूर्ण अर्ज तोवर गेलेला हवा.

आणखी एक: पीएचडीच्या सगळ्या प्रकरणांचा विषय एकाच कंपनीच्या एकाच उत्पादनावर ठेवू नका. दोन प्रकरणं मूलभूत यंत्रणेवर असू द्या. कंपनीने प्रकल्प बंद केला तरी प्रबंध उभा राहतो.

---

पाषाणकर

पदव्युत्तर विद्यार्थ्यांबद्दल थोडं. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात एमएस्सीच्या पहिल्या वर्षी ४ श्रेयांकांचं ऑन जॉब ट्रेनिंग आहे, म्हणजे सुमारे १२० तास. कारखाने या मुलांना क्यूसीत बसवून टायट्रेशन करायला लावतात नाहीतर प्रमाणपत्र देऊन घरी पाठवतात. १२० तासांत नवं संशोधन होत नाही, पण एक नेमकं काम उत्तम होतं: एका उत्पादनाच्या सलग तीन बॅचेसचा वस्तुमानाचा ताळा. किती माल आत, किती बाहेर, किती मदर लिकरमध्ये, किती सांडपाण्यात, सॉल्व्हंट किती परत मिळाला. कारखान्याला फुकट ऑडिट मिळतं आणि विद्यार्थ्याला पुस्तकातल्या ईल्डचा खरा अर्थ कळतो. मार्गदर्शक प्राध्यापकाने तिन्ही बॅचेसपैकी एकीला तरी हजर राहावं.

यूजीसीच्या २०२२ च्या 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' तरतुदीत मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत उद्योगातले अनुभवी लोक घेता येतात. किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो, पीएचडी लागत नाही. त्यांना व्याख्यानांपेक्षा प्रकल्प-समितीवर बसवा. ग्लासलाइन्ड यांनी लिहिलेले प्रश्न संशोधनाच्या पहिल्या वर्षी विचारले गेले तर निम्मे प्रकल्प योग्य दिशेला वळतील.

मधल्या टप्प्याच्या निधीबद्दल कोणी लिहील का? ५०० मिली ते ५० लिटर, हीच खरी दरी आहे.

---

ताळेबंद

जैवतंत्रज्ञानाच्या बाजूला बिरॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचं 'बिग' अनुदान आहे, १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत, आणि एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर (२००७ पासून) नवउद्योगांना जागा आणि उपकरणं देतं. जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने १ लाख कोटींची आरडीआय योजना मंजूर केली, पण ती टीआरएल (तंत्रज्ञानाच्या तयारीची पातळी) ४ आणि पुढच्या कामांसाठी आणि मुख्यतः दीर्घ मुदतीच्या अल्पव्याजी किंवा बिनव्याजी कर्जाच्या रूपात. विद्यापीठाच्या विभागाने थेट तिकडे बघू नये, भागीदार कंपनीने बघावं.

रसायनात मात्र अनुदानाची वाट न बघता जमणारा मार्ग जॉबवर्कचा आहे. ५० ते २०० लिटरचे रिॲक्टर असलेली किलो-लॅब दिवसाच्या भाड्यावर मिळते. सलग तीन बॅचेस घ्या, एकीवर निर्णय करू नका. प्रायोजित प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात ही रक्कम पहिल्यापासून वेगळ्या ओळीत दाखवा. नंतर ती कुठूनच निघत नाही, कारण विद्यापीठाच्या लेखाविभागाला "बाहेरच्या कारखान्याचं भाडं" असं शीर्ष मंजूर यादीत सापडत नाही.

---

ग्लासलाइन्ड

किलो-लॅबला जाताना बरोबर काय न्यायचं ते लिहितो, कारण बरेच जण नुसता शोधनिबंध घेऊन जातात.

बॅच शीट, म्हणजे एकेक कृती, वजन किलोत, वेळ आणि तापमानाचा पल्ला, आणि शेजारी प्रत्यक्ष आकडा भरायला रिकामा रकाना. प्रत्येक टप्प्याला पुढे जाण्याची कसोटी ("एचपीएलसीत सुरुवातीचा पदार्थ १ टक्क्याच्या आत", "रंग बदलेपर्यंत" असं नको) आणि कसोटी पूर्ण झाली नाही तर काय करायचं. कच्च्या मालाचे स्पेसिफिकेशन आणि चाललेल्या पुरवठादारांची नावं. प्रत्येक रसायनाची एसडीएस (सुरक्षा-माहितीपत्रक). डीएससीचा आलेख. कोणत्या टप्प्यावर रात्रभर थांबता येतं आणि कोणत्या टप्प्यावर अजिबात नाही, हे ठळक अक्षरांत. रिॲक्टरच्या धातूशी पटतं का: आम्ल आणि क्लोराइड असेल तर एसएस ३१६ हे स्टेनलेस स्टील गंजतं, ग्लास-लाइन्ड घ्या, तीव्र अल्कली गरम असेल किंवा फ्लोराइड असेल तर काच जाते. धातूचा एक तुकडा अभिक्रियेच्या मिश्रणात ७२ तास बुडवून आधी-नंतर वजन करा, एवढ्या साध्या चाचणीवर लाखोंचं भांडं वाचतं. आणि न जमलेल्या प्रयोगांचा एक पानी तक्ता.

फ्लास्कमध्ये तो प्रयोग स्वतःच्या हाताने केलेला संशोधक पहिल्या तिन्ही बॅचेसना शेजारी उभा राहील, हे करारात लिहा. त्याचा प्रवास आणि राहणं कोण देणार तेही लिहा. अभिकारक घालताना तापमान दोन अंशांनी वर गेलं तर थांबायचं की चालू ठेवायचं, हे बॅच शीट सांगत नाही. ते त्यालाच ठाऊक असतं.

---

मृण्मयी_आर

धातूच्या तुकड्याची चाचणी वायुरूप एचसीएल सुटणाऱ्या अभिक्रियेतही तशीच करायची का?

---

ग्लासलाइन्ड

नाही, तिथे दोन तुकडे लागतात. एक द्रवात, एक वर वाफेत टांगलेला. एचसीएल सुटत असेल तर द्रवात बुडालेला तुकडा कोरड्या सॉल्व्हंटमध्ये बचावतो, आणि वरच्या भागात ओलसर वाफ थंड होऊन जिथे थेंब जमतात तिथे धातू खातो. प्लांटमध्ये तीच जागा म्हणजे झाकण, मॅनहोलची गॅस्केट आणि कंडेन्सरकडे जाणारी पाइप. स्क्रबरची (सुटलेला वायू धुऊन शोषणाऱ्या यंत्राची) क्षमताही याच वेळी ठरवा: सुटणाऱ्या एचसीएलचे मोल, ते किती तासांत सुटणार, आणि टाकीतला कॉस्टिक त्याच्या दीडपट तरी आहे का. अभिकारक घालायचा वेळ कमी केलात तर स्क्रबरही पुन्हा मोजावा लागेल.